बू वार्सिनी आणि लास्त्रीची मान

जावातल्या सालातिगा गावाच्या क्रीडासंकुलामागे पंधरा मीटर उंचीची एक भिंत आहे. तिच्या पायथ्याशी बू वार्सिनी, बू म्हणजे आई, पूर्वी उकडलेल्या शेंगा विकायला बसत. भिंतीकडे त्यांची पाठ असे. धडधाकट पोरंपोरी कमरेला दोरी बांधतात, माकडासारखी सरळ वर पळत जातात, वरची पाटी थापटतात आणि लोंबकळत खाली येतात, यात बघण्यासारखं काय आहे ते त्यांना उमगत नसे. "खाली यायचंच आहे तर वर जाता कशाला?" असं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा तरी विचारत.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी हाप्सारी नावाची अठरा वर्षांची पोर त्या भिंतीवरून खांदा धरून खाली आली. रडत नव्हती, पण ओठ पांढरेफटक पडले होते. बाकीची पोरं बर्फ आणायला धावली. बू वार्सिनींनी शेंगांची टोपली बाजूला सारली, हात पुसले, बिस्मिल्ला म्हटलं आणि पोरीच्या खांद्यावर अंगठा ठेवला. खांदा उतरला नव्हता, नुसता लचकला होता. दहा मिनिटांत हात कानाच्या वर जायला लागला.

ही विद्या त्यांच्या आईची. मर्बाबू डोंगराच्या पायथ्याच्या पाच गावांतल्या बाळंतिणींचं अंग त्या माउलीने चोळलं होतं. तीच बोटं लेकीला मिळाली. दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी चार पोरं रांगेत उभी होती आणि शेंगांना गिऱ्हाईक नव्हतं. महिन्याभरात टोपली नणंदेकडे गेली आणि बू वार्सिनी भिंत चढणाऱ्या पोरांच्या संघाच्या मालीशवाल्या झाल्या.

आता त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. पासपोर्टवर सोळा शिक्के. पण यंदापर्यंत शर्यत त्यांनी कधी डोळे उघडून पाहिली नव्हती. 'टूं, टूं' वाजायला लागलं की त्या डोळे मिटून नमाजातली एक छोटी सूरा म्हणायला घेत. ती संपायच्या आत शर्यत संपलेली असे, कारण पोरी सात सेकंदांच्या आत वर पोचतात. "अल्लाला ऐकायला तरी वेळ द्या गं," असं त्या म्हणत.

हा खेळ वेगाचा. जगात कुठेही जा, भिंत तेवढीच उंच, त्याच लाल पकडी, त्याच जागी. दोन दोन पोरी शेजारी शेजारी उभ्या राहतात. दोनदा टूं वाजतं, तिसऱ्यांदा टीं वाजलं की निघायचं. टीं होण्याआधी निघालात की बाद, आणि रेंगाळलात तरी मेलात, कारण हारजीत सेकंदाच्या हजाराव्या भागांवर ठरते. आणि हे सगळं अशा मुलखातल्या पोरी करतात, जिथे म्हातारीकोतारी उठल्याबसल्या सांगतात, "सावकाश जा, पण नीट पोच."

यंदाचा हंगाम मे महिन्यात बालीत सुरू झाला. पुढे चीन, मग पोलंड आणि शेवटी जुलैअखेर फ्रान्समधलं शामोनी. हंगाम संपला की पुढच्या वर्षीच्या आशियाई स्पर्धेसाठी दोन मुली निवडायच्या होत्या. एकीची जागा पक्की होती. उरलेल्या एका जागेसाठी दोघी होत्या आणि दोघीही बू वार्सिनींच्याच. एक हाप्सारी, आता सत्तावीस वर्षांची, गुडघ्याला पट्टी बांधून चढणारी. ही संधी हुकली तर तिला पुढची नव्हती. दुसरी लास्त्री, एकोणीस वर्षांची, सुंबिंग डोंगरावरच्या तंबाखूच्या मळ्यातली.

लास्त्रीची आई तैवानमध्ये घरकामाला होती. पोर बापाच्या मागे मळ्यात रानोमाळ वाढली. सोळाव्या वर्षी संघाच्या वसतिगृहात आली त्या पहिल्याच दिवशी हातात चहाचं तबक घेऊन ती दोन वडीलधाऱ्यांच्या मधून ताठ निघून गेली. बू वार्सिनींच्या अंगावर काटाच आला.

"थांब! कुठे निघालीस? विजेचा खांब चालायला लागलाय वाटतं! मोठी माणसं बसलीत ना?"

"मग काय करू? उडत जाऊ?"

"वाक. उजवा हात खाली सोड. आणि म्हण, न्युवुन सेवु."

न्युवुन सेवु म्हणजे हजार माफ्या मागते. मोठ्यांच्या पुढून जायचं तर जावामध्ये असंच म्हणायचं, आणि मोठ्यांनी म्हणायचं मोंग्गो, म्हणजे जा बाई, खुशाल जा. बू वार्सिनींनी तिला त्या दिवशी जिन्यापाशी वीस वेळा ये-जा करायला लावली. पोर रडली, पण शिकली. इतकी शिकली की पुढे स्वयंपाकघरातल्या मांजरीपुढूनही वाकून जायची.

आणि भिंतीवर? एकटी चढली की वाऱ्यासारखी. पण बालीत हाप्सारीशी पडली आणि हरली. चीनमध्ये पुन्हा हाप्सारीशी पडली, पुन्हा हरली. दोन्ही वेळा वर चढताना तिचाच वेग जास्त होता. गडबड सुरुवातीला होत होती. टीं वाजल्यावर हाप्सारी निघायची आणि लास्त्री तिच्या मागून.

पाक बोनार हे संघाचे प्रशिक्षक; पाक म्हणजे बाबा. सुमात्रा बेटावरच्या बाताक जमातीचे. त्यांच्याकडे कुजबुजही चार घरांपलीकडे ऐकू जाते.

"अगं, कान आहेत की सोयाबीनच्या टेम्पेच्या चकत्या?" ते भर मैदानात ओरडले. "टीं म्हणजे निघायचं! टीं म्हणजे काय?"

"निघायचं, पाक."

"मग वाट कोणाची बघतेस? जावयाची?"

त्यांनी तिचे कान तपासून घेतले. कान उत्तम. डोळे तपासले, डोळेही उत्तम. दिवा लागला की बटण दाबायचं, अशा यंत्रासमोर बसवलं, तर संघात पहिली आली. मग कडक कॉफी पाजली. पोरीला झोप येईना आणि सुरुवात जिथल्या तिथे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं तीन आठवडे चाललं.

पोलंडला जाताना विमानतळावर बू वार्सिनींची तेलाची मोठी बाटली काढून घेतली. त्यांनी ती नजरेनेच निरोप देऊन सोडली. छोटी बाटली आणि भात शिजवायचं भांडं मात्र वाचलं. तिथे पोचताच हाप्सारीच्या अंगात वारा भरला. मळमळ, डोकं जड. बू वार्सिनींनी घरी करतात तसं केलं. तेल लावून नाण्याने पाठ घासली, लालभडक पट्टे उठेपर्यंत. पोर तासाभरात टुणटुणीत झाली. पण दुसऱ्या दिवशी सराव करताना तिचा सदरा वर सरकला आणि स्पर्धेच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. हे कोणी केलं? कधीपासून चाललंय? घाबरू नकोस, आम्ही आहोत!

"काय म्हणतात गं त्या?" बू वार्सिनींनी विचारलं.

"तुम्ही मला चाबकाने मारता, असं म्हणतात," हाप्सारी म्हणाली. "सांगू का, हरले की मारतात म्हणून?"

"सांग. आणि जिंकलीस तर डबल मारतात म्हणून सांग."

शेवटी बू वार्सिनींनी स्वतःचा सदरा मागून उचलून आपली पाठही तशीच पट्ट्यापट्ट्यांची असल्याचं दाखवलं. डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीवर बसल्या. जाताना त्यांनी आपलंही डोकं जड असल्याचं कबूल केलं.

त्याच दिवशी शर्यतीचं चित्रीकरण करणारा पोटदुखीने झोपला होता. पाक बोनारनी फोन बू वार्सिनींच्या हातात कोंबला. "बू, फक्त धरून उभ्या राहा. आणि डोळे उघडे ठेवा!"

असा अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा शर्यतीचा आरंभ पाहिला. लास्त्रीच्या शेजारी एक पोलिश बाई होती. बू वार्सिनी भिंतीसमोर, दोघींच्या बरोबर मागे उभ्या होत्या. बाकीचे लोक हात बघतात, पाय बघतात. त्यांची नजर सवयीने मानेवर गेली. टूं. टूं. आणि टीं वाजायच्या क्षणी लास्त्रीची मान खाली गेली, शेजारच्या बाईच्या दिशेने उजवा खांदा किंचित कलला, आणि मग ती निघाली. बाई पुढे. लास्त्री अठरा हजारांशांनी हरली.

ती मान बू वार्सिनींच्या ओळखीची होती. त्यांनीच जिन्यापाशी वीस वेळा वाकवून घेतली होती.

संध्याकाळी लास्त्री मालीशच्या टेबलावर पालथी पडली तेव्हा मानेच्या मुळाशी अंगठा दाबत त्यांनी सहज विचारलं, "टीं वाजतं तेव्हा मनात काय म्हणतेस?"

"काही नाही, बू."

"खोटं बोललीस की इथली शीर टुणकन उडते. आत्ता उडाली."

मग उशीत तोंड खुपसून म्हणाली, "न्युवुन सेवु."

"कोणाला?"

"ज्या शेजारी असतील त्यांना. त्यांच्यापुढे जायचं असतं ना, बू."

"आणि बाकीच्या गोऱ्या पोरी? त्यांना तर हरवतेस."

"त्यांचं वय कळत नाही ना! सगळ्या सारख्याच दिसतात. पण आजच्या बाईंचा चार वर्षांचा मुलगा सकाळी भेटला. त्याला मी आल्याची वडी दिली. म्हणजे त्या मोठ्याच की."

बू वार्सिनींना हसावं की डोकं आपटावं कळेना. "अगं वेडे, माफ्या हजार मागतेस म्हणून हरतेसही हजारांशांनीच!"

"मग नको म्हणू?"

हो, नको म्हणू, हे शब्द त्यांच्या ओठापर्यंत आले आणि तिथेच थांबले. कारण शामोनीत हिची गाठ बहुधा पुन्हा हाप्सारीशीच पडणार होती. हिच्या मानेतला लोचा काढून टाकावा, तर हाप्सारीचं शेवटचं दार आपल्याच हाताने लावल्यासारखं. न काढावा, तर आपणच वाकवलेल्या मानेमुळे या पोरीची जागा जाते. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या आणि खांद्याकडे वळल्या.

हे 'बघू' त्यांनी दहा दिवस उराशी बाळगलं. पाक बोनारना सांगण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले असते, "आदरबिदर सोडून दे!" आणि ते ऐकून पोर त्यांच्याच पुढे वाकली असती.

शामोनीत भिंत गावाच्या मधोमध उभारतात. मागे बर्फाचा एवढा मोठा डोंगर, की ही भिंत त्याच्यापुढे आगपेटी वाटते. पात्रता फेरीत लास्त्री तिसरी आली आणि हाप्सारी सहावी. दोघींनी पहिली झुंज जिंकली की उपांत्यपूर्व फेरीत समोरासमोर. आणि निवडसमितीने कळवून टाकलं होतं, की दोघींपैकी जी पुढे जाईल तिची जागा.

त्या पहाटे बू वार्सिनींनी चटई अंथरली. फोनमधला काटा नमाजाची दिशा डोंगराच्या जरा डावीकडे दाखवत होता. नमाज झाल्यावर त्यांनी दुवेसाठी हात पसरले. अमकी जिंकू दे, तमकी जिंकू दे, असं मागायला जीभ उचलेना. शेवटी एवढंच मागितलं, की मी बांधलेली गाठ मला नीट सोडवता येऊ दे. उठताना गुडघे वाजले आणि त्यांना सुचलं, की वाकणं सोडवायचं कशाला? आधीच उरकून घ्यावं.

आधी त्या मोठीकडे गेल्या. हाप्सारी गुडघ्याला पट्टी गुंडाळत होती.

"तुला एक सांगायचंय. लास्त्री तुझ्याशी का हरते, ते मला कळलंय."

"मला बालीपासून माहीत आहे, बू," हाप्सारी शांतपणे म्हणाली.

बू वार्सिनी उभ्याच राहिल्या. "माहीत आहे?"

"माझ्या शेजारी उभी राहते, आणि ओठ हलतात हिचे. मीही जावाचीच आहे की. चीनमध्ये तर मी आदल्या रात्री मुद्दाम तिला म्हटलं, आज माझा गुडघा फार दुखतोय गं. तिने सुरुवातीला दोन हजार माफ्या मागितल्या असतील."

"लबाड आहेस!"

"मोठी आहे. मोठेपणाचा एवढा तरी फायदा नको?" तिने पट्टीचं टोक दाताने तोडलं. मग हसू ओसरलं. "बू, तुम्ही कोणाच्या बाजूने?"

"माझं काम मानेचं. दोघींच्या."

"तिला सांगणार?"

"वाकू नको, असं मी नाही सांगणार. मीच शिकवलंय. मी तिला सांगणार, आधी जमिनीवर जाऊन माग, मग भिंतीवर मागायचं उरणार नाही. ती येईल तुझ्याकडे."

हाप्सारीने पट्टीची गाठ घट्ट ओढली. "आणि मी मोंग्गो नाही म्हटलं तर?"

"ते तुझं तू बघ. तुझ्या आईने तुला काय शिकवलं, ते मला ठाऊक नाही थोडंच?"

"हे बरं आहे तुमचं," हाप्सारी म्हणाली. "तिला शिकवायचं तुम्ही आणि फेडायचं मी." आणि पाठ फिरवून बूट घालायला लागली.

दोघींनी पहिली झुंज जिंकली. पुढच्या फेरीला दहा मिनिटं होती. तंबूत पोरी हातपाय झटकत होत्या. लास्त्री एका टोकाहून निघाली. उजवा हात खाली, कंबर वाकलेली, वाटेतल्या दोन जपानी आणि एका इटालियन पोरीच्या पुढूनही तशीच, थेट हाप्सारीपर्यंत.

"हिला पोटात दुखतंय का?" पाक बोनारनी घाबरून विचारलं.

"तुम्ही गप्प बसा हो जरा," बू वार्सिनी म्हणाल्या. पाक बोनारना असं कोणी आजवर म्हटलं नव्हतं, म्हणून ते खरंच गप्प बसले.

"न्युवुन सेवु, म्बाक," लास्त्री म्हणाली. म्बाक म्हणजे ताई. "आज मला तुमच्या पुढे जायचंय."

हाप्सारी हाताला खडूची पूड लावत होती. लावतच राहिली. एक बोट, दुसरं बोट, मग पुन्हा पहिलं. लास्त्रीची मान खालीच. बाहेर लोकांचा गलका वाढत होता आणि तंबूच्या दाराशी एक माणूस दोघींची नावं पुकारत होता, तीही चुकीची.

"मोंग्गो," हाप्सारी म्हणाली. पूड लागलेल्या हाताने तिने लास्त्रीची हनुवटी वर केली, पोरीची दाढी पांढरी करून टाकली. "जा पुढे. पण आधी मला गाठून तर दाखव! मी काही तिथे चहा पीत बसणार नाही."

बू वार्सिनींनी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. दोघी उभ्या राहिल्या. उजवीकडे पट्टीचा गुडघा, डावीकडे पांढरी हनुवटी. टूं. टूं. लास्त्रीची मान सरळ. टीं.

दोघी एकदमच सुटल्या. चौथ्या पकडीपर्यंत बरोबर, मधल्या उडीला बरोबर, वरच्या पाटीवर दोन थापा, पण कानाला एकच ऐकू आली. लोक ओरडले आणि मग थांबले, कारण फलकावर आकडे यायचे होते. बू वार्सिनींना आकडे दिसेनात. डोळ्यांत पाणी होतं की चष्मा तंबूत राहिला होता, देव जाणे.

"काय झालं? अहो बोला ना!"

"सहा पूर्णांक पाचशे बारा," पाक बोनार जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. "आणि सहा पूर्णांक पाचशे एकोणीस. लास्त्री. सात हजारांश. आणि बू... हाप्सारी आयुष्यात इतकी जोरात कधी चढली नव्हती."

दोघी दोरीवर लोंबकळत शेजारी शेजारी खाली आल्या. हाप्सारी फलकाकडे बघत होती. स्वतःचा आकडा तिने दोनदा वाचला असावा, कारण ओठ हलत होते. मग तिने लास्त्रीच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. लास्त्री भर चौकात, हजारो लोकांपुढे, वाकली. पाक बोनारनी कपाळावर हात मारला.

लास्त्रीला पुढची फेरी वीस मिनिटांत होती. बू वार्सिनी मालीशच्या तंबूपाशी आल्या तर लास्त्री बाहेर बाकावर बसलेली, उजव्या पोटरीला गोळा आलेला, दात आवळलेले.

"आत का नाही गेलीस?"

"म्बाक आहेत आत. आधी त्या."

आत हाप्सारी टेबलावर पालथी होती. तोंड टॉवेलात. बू वार्सिनींनी तिच्या मानेवर हात ठेवला. खांदे हलत होते. नऊ वर्षांची ओळख होती त्या खांद्यांची. त्यांनी नुसता तळवा ठेवला आणि ते थांबेपर्यंत तिथेच राहू दिला.

"बाहेर कोण आहे?" टॉवेलातून आवाज आला.

"ती. पोटरी धरलीय तिची. तुझं झाल्यावर येईल म्हणते."

हाप्सारी उठून बसली. डोळे लाल, गालावर टॉवेलाचे वळ. "किती वेळ आहे तिला?"

"पंधरा मिनिटं."

"आणि मला? मला आता कुठे जायचंय?" ती टेबलावरून खाली उतरली. "लास्त्री! आत ये."

"आधी तुम्ही, म्बाक."

"अगं ए! मोठ्यांचं ऐकायचं असतं की नसतं? आडवी हो इथे!"

लास्त्री मुकाट आडवी झाली. बू वार्सिनींनी तिचे हात घेतले, कारण मनगटं दगडासारखी झाली होती. पोटरीसाठी तिसरा हात नव्हता. हाप्सारीने बाह्या सावरल्या, बाटलीतलं तेल तळव्यावर ओतलं आणि पोटरी धरली.

"आई गं!" लास्त्री किंचाळली.

"अगं, पीठ मळतेस का?" बू वार्सिनी मान वळवून ओरडल्या. "अंगठा टाचेकडून वर. सावकाश. गोळा सापडला की थांब, तो वितळेपर्यंत हलू नकोस."

हाप्सारीने अंगठा टाचेपाशी नेला आणि हळूहळू वर सरकवला. एका जागी थांबली.

"इथे?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"इथे का गं?"

"हो," लास्त्री म्हणाली. "तिथेच, म्बाक."